भाऊजी, गाणं संपलं का?

"भाऊजी, काल दुपारी तुमच्या गॅरेजमध्ये एकच गाणं किती वेळ चाललं होतं हो? माझी चकली तळून संपली, तरी गिटार आपली सुरूच!"

"'डार्क स्टार' असणार, वहिनी. ऑगस्ट १९७२, ओरेगनमधलं व्हेनेटा. चांगलं अर्धा तास वाजवलंय."

"अर्धा तास? आणि हे तुमचे ग्रेटफुल डेड बँडवाले म्हणजे तेच ना, आमचा मुलगा कॉर्नेलला असताना ज्यांच्या नावाने उसासे टाकायचा?"

"तेच. ८ मे १९७७, बार्टन हॉल. मे महिन्यात बाहेर बर्फ पडत होता म्हणे. कुणालाही विचारा, सगळ्यात उत्तम कार्यक्रम कोणता, तर कॉर्नेल. लायब्ररी ऑफ काँग्रेसनेसुद्धा जपायच्या ध्वनिमुद्रणांत घेतलंय. आता 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये कधी शिरतात ते कळत नाही, हे मान्य. पण माझं मत विचाराल तर त्यातलं निम्मं श्रेय टेपचं. इतकी स्वच्छ टेप दुसऱ्या कार्यक्रमाची मिळाली असती, तर लोकांनी त्याची आरती केली असती."

"केली कुणी ती टेप?"

"बेटी कँटर-जॅक्सन. बँडचीच ध्वनिमुद्रक. पुढे तिचे दिवस फिरले, गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ साली सामानाबरोबर टेपांचाही लिलाव झाला."

"अगंबाई! मेहनत हिची आणि माल नेला भलत्यांनीच?"

"नेला, पण त्याच्या प्रती घरोघर पोचल्या. अधिकृत अल्बम यायला २०१७ उजाडलं."

"आणि त्या बाईचं नाव तरी घेतं का कुणी?"

"घेतात ना. त्या टेपांना 'बेटी बोर्ड्स'च म्हणतात."

"नावाने पोट भरत नाही, भाऊजी. आणि प्रती काढल्या तर बँडवाले ओरडले नाहीत?"

"ते कसले ओरडतात! १९८४ पासून टेप करणाऱ्यांना तिकिटं वेगळी, बसायची जागा वेगळी, माइकचे उंच दांडे रोवून बसायचे सगळे. अट एकच, विकायचं नाही. टेपच्या बदल्यात टेप द्यायची, नाहीतर कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपाल पाठवायचं. आपल्याकडे कुणाला खासगी मैफलीची टेप मिळाली की कपाटाला कुलूप!"

"आमच्या मामंजींनी किल्लीसुद्धा कधी दाखवली नाही. ते जाऊ दे, तुमचं लाडकं कुठलं? कॉर्नेल नाही तर?"

"व्हेनेटा. दह्याच्या कारखान्यासाठी केलेला कार्यक्रम हो! केन केसी हे लेखक, त्यांच्या भावाची डेअरी अडचणीत आली होती. तिच्या दह्याच्या लेबलांवरच तिकिटं छापली. ऊन असं की वाद्यं बेसूर व्हायची, मधे थांबून लावत बसायचे. कॉर्नेलमध्ये सगळं ठरल्यासारखं वाजतं. इथे पुढच्या वळणावर काय आहे ते त्यांनाच ठाऊक नाही, आणि ते आपल्याला ऐकू येतं."

"बेसूर ते लाडकं. धन्य! आपल्या जर्सीत नाही का आले कधी?"

"इंग्लिशटाउन, सप्टेंबर १९७७. इथून जवळच. लाखावर माणूस."

"लाख? आणि गाड्या कुठे लावल्या?"

"ते तुम्हीच विचारणार, वहिनी! पण तुम्ही तबला शिकला आहात म्हणून सांगतो, १९६९ च्या 'लाइव्ह/डेड'मध्ये 'द इलेव्हन' आहे, अकरा मात्रांचं. त्यांचा मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे शिकलेला, नंतर झाकीरभाईंबरोबर किती वाजवलंय त्याने!"

"अकरा म्हणजे रुद्र की हो! मग हे आधी सांगायचं सोडून दही काय सांगत बसलात? ते लावा पुढच्या वेळी. आणि नावडतं नाहीच का काही?"

"इजिप्त. १९७८, गिझाच्या पिरॅमिडांसमोर तीन रात्री. काय थाट! पण पियानो बेसूर, एका ड्रमरचा हात मोडलेला, वाजवलंही यथातथाच. तिसऱ्या रात्री तर वर चंद्रग्रहण."

"ग्रहणात वाद्यं काढली? मग त्या पियानोला कशाला नावं ठेवता!"