सुगम प्रतीक्षाशास्त्र: नवोदित एमआरसाठी

१९७६ च्या कायद्याने आपल्याला, म्हणजे औषध कंपन्यांच्या एमआरना, विक्री-संवर्धन कर्मचारी म्हटले. कंपनी व्हिजिटिंग कार्डावर दर दोन वर्षांनी नवे पद छापते. आई पाहुण्यांना ‘मुलगा मेडिकल लाइनला आहे’ एवढेच सांगते आणि पाहुणे लगेच शर्टाची बाही वर करून पुरळ दाखवू लागतात. प्रत्यक्षात आपण थांबतो. या विषयावर क्रमिक पुस्तक नसल्याने शाळेतल्या प्रयोगवहीच्या धर्तीवर पुढील प्रयोग लिहून देत आहे. आकृती ज्याची त्याने काढावी.

उद्देश: दोन तास थांबून डॉक्टरांना दीड मिनिट भेटणे.

साहित्य: काळी बॅग, व्हिज्युअल एड किंवा टॅब, सॅम्पल, टाय (मे महिन्यात जतच्या दौऱ्यावरसुद्धा) आणि न फाटलेले मोजे. मोज्यांना हसू नये. बुटांना पॉलिश आहे की नाही हे मॅनेजर रोज पाहतात. पण बूट दवाखान्याच्या दारातच काढावे लागतात. केबिनमध्ये कंपनीची इभ्रत असते ती उजव्या पायाच्या अंगठ्यापाशी.

कृती:

१. प्रथम पाटी वाचावी. ‘एमआर: मंगळवार व शुक्रवार, दुपारी २ ते २.३०.’ हीच वेळ डॉक्टरांच्या जेवणाचीही असते. हा योगायोग नव्हे.

२. रिसेप्शनवरच्या ताईंना नमस्कार करावा. भेट मिळावी म्हणून कोणत्याही मिषाने पैसे द्यायचे नाहीत, असे मार्च २०२४ ची औषध-विपणन संहिता सांगते. मात्र ताईंच्या मुलाला दहावीला किती टक्के पडले, हे लक्षात ठेवायला संहितेची आडकाठी नाही.

३. बसू नये. खुर्च्या पेशंटच्या. भिंतीवर साधारण साडेपाच फुटांवर तेलाचा गोल डाग दिसेल. तेथे डोके टेकावे. पूर्वसुरींनी जागा सिद्ध करून ठेवली आहे.

४. शेजारच्या खुर्चीतली आजी गुडघा चोळत विचारील, “तुला काय होतंय रे बाळा?” तिला ‘महिनाअखेर’ असे सांगू नये. तिला तो तापाचा प्रकार वाटतो.

५. आत गेल्यावर समजा ॲसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी सांगायची आहे. हेच मिश्रण आपल्याआधी भिंतीला टेकलेल्या चौघांच्याही बॅगेत होते. फरक फक्त पाकिटाच्या रंगात. व्हिज्युअल एडवर सत्तरीची बाई दोरीवरच्या उड्या मारताना दिसते. दुष्परिणाम शेवटच्या पानावर तळाशी असतात आणि ते वाचायला वेगळा चष्मा लागतो.

६. डॉक्टर मान वर न करता म्हणतील, “तुमचंच लिहितोय की.” हसून ‘थँक यू सर’ म्हणावे.

७. लगेच खालच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारावे, “दादा, आपलं काही निघतंय का?” दादा काउंटरखालून एक खोका काढतील. त्यात आपलाच माल असेल, एक्स्पायरी झालेला.

निरीक्षण: २८ तारखेनंतर मॅनेजरांचे फोन वाढतात. “ॲपवर तू टपरीवर दिसतोयस.” दिसणारच, कारण दवाखाना टपरीच्या वर आहे. मग स्टॉकिस्टच्या पाया पडून त्याच्या गोडाउनात चाळीस पेट्या उतरवायच्या. कंपनीच्या कागदावर विक्री झाली आणि टार्गेट पूर्ण झाले. एकाही माणसाने एकही गोळी गिळलेली नसते. पुढच्या महिन्यात पेट्या परत येतात, तो स्वतंत्र प्रयोग आहे.

दक्षता: त्याच संहितेप्रमाणे ‘नवीन’ हा शब्द भारतात वर्षभराहून अधिक काळ मिळणाऱ्या औषधाला लावता येत नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द नुसता, मोकळा वापरता येत नाही. एका औषधाची सॅम्पलची पाकिटे एका डॉक्टरला वर्षाला बारापेक्षा जास्त नकोत. डायरी, कॅलेंडर वगैरे आठवणीदाखल वस्तू प्रत्येकी हजार रुपयांच्या आत. हे नियम एका रात्रीत आलेले नाहीत. आधीची २०१५ ची संहिता स्वेच्छेने पाळायची होती. स्वेच्छेने पाळायच्या गोष्टीचे जे होते ते झाले. डॉक्टरांना दिलेल्या भेटवस्तूंचा खर्च दाखवून करसवलत मागता येणार नाही, असे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. म्हणजे तोवर कंपन्या ती मागत होत्या.

अनुमान: वर्षातून एखाद्या दुपारी डॉक्टर मान वर करतील आणि विचारतील, “किडनी कमजोर असलेल्या पेशंटला ही चालेल का?” दोन तासांचे थांबणे, टाय, मोजे, भिंतीवरचा डाग, सारे या एका प्रश्नासाठी होते. येथे उड्या मारणारी बाई उपयोगी पडत नाही. शेवटचे पान उलटावे आणि तळाची बारीक ओळ मोठ्याने वाचावी: या जातीची वेदनाशामके किडनीला त्रास देऊ शकतात आणि किडनीचा आजार तीव्र असेल तर ही गोळी देऊ नये. आणखी काही विचारले आणि येत नसेल तर “माहीत नाही सर, विचारून सांगतो” म्हणावे आणि संध्याकाळच्या आत खरोखर विचारून सांगावे. त्या महिन्यात दहा पट्ट्या कमी खपतील. मॅनेजर बोलतील. बोलू द्यावे.

बाहेर खुर्चीत आजी अजून बसलेली आहे. तिचा नंबर तुमच्यानंतरचा आहे.