आमचे प्रकाशक आम्हीच

मराठी पुस्तक हातात आलं की जाणकार वाचक आधी श्रेयाचं पान उघडतो. तिथे बारीक टाइपात मुद्रक, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, आवृत्ती असा सगळा गोतावळा बसलेला असतो. त्यात प्रकाशक म्हणून एखाद्या ‘सौ.’चं नाव असेल, तिचं आडनाव लेखकाच्या आडनावाशी जुळत असेल आणि प्रकाशनसंस्थेचा पत्ता ‘दुसरा मजला, पिठाच्या गिरणीमागे’ असा असेल, तर पुढचं न सांगता कळतं. संस्थेचं नाव बहुधा लेखकाच्या आईचं, नाहीतर मुलीचं. ‘आमची अन्य प्रकाशने’ हे पान नसतं. असलंच तर त्यावर फक्त ‘आगामी’ असतं.

आमच्या पुस्तकाचंही ते पान असंच व्हायचं, पण सौ.नी प्रकाशक व्हायला साफ नकार दिला. “पुस्तक तुमचं, आणि गठ्ठे परत आले की ते माझ्या नावाने येणार होय? अजिबात नाही.” त्यामुळे लेखक, प्रकाशक आणि हक्काचा धनी अशा तिन्ही जागी माझंच नाव छापलं गेलं. लग्नपत्रिकेतसुद्धा ते एकदाच होतं.

हौसेने कुणी प्रकाशक होत नाही. आधी रीतसर दारं ठोठावून झालेली असतात. हस्तलिखित पाठवलं की काही महिने काहीच होत नाही. मग आपण भीत भीत फोन करतो. ‘वाचन समितीकडे दिलंय’ असं कळतं. पुन्हा काही महिने जातात. मग एक दिवस अत्यंत मायाळू आवाजात सांगतात, “लेखन छानच आहे हो, पण ललित हल्ली चालत नाही. कादंबरी आहे का? एखादं चरित्र? गुडघेदुखीवर काही?” गुडघेदुखी होती, पण तिच्यावर लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या एका ठिकाणी पुढच्या दोन वर्षांचं नियोजन झालेलं होतं. तिसरीकडे सौदा रोकडा होता. खर्च तुमचा, नाव आमचं, थोड्या प्रती तुम्हाला. मनात आलं, खर्च आपला तर नाव तरी दुसऱ्याचं कशाला? या एका बाणेदार विचारापायी महाराष्ट्रात किती प्रकाशनसंस्था जन्माला आल्या असतील आणि पहिल्या पुस्तकाच्या बाळंतपणातच गेल्या असतील!

तोवर मी नुसता लेखक होतो. म्हणजे प्रकाशकांना नावं ठेवण्याचा मला जन्मसिद्ध अधिकार होता. ते मानधन देत नाहीत, फोन उचलत नाहीत, कागद हलका वापरतात, हे मी कुठल्याही चहाच्या टपरीवर अधिकारवाणीने सांगू शकत असे. आता तोच प्राणी माझ्या सदऱ्यात राहायला आला आणि आमच्या दोघांची भांडणं सुरू झाली.

पहिलं भांडण अक्षरजुळणीच्या खोलीत झालं. संगणकावर बसलेल्या मुलीने पडद्यावरून नजर न काढता निकाल दिला, “सर, एकशे त्रेसष्ट पानं होतायत. तीन उडवा, नाहीतर पाच कोरी सोडू.” पुस्तकाची पानं आपण समजतो तशी सुटी सुटी छापत नाहीत. डेमी आकारात सोळा पानांचा एक फॉर्मा, आठांचा अर्धा. दहा फॉर्म्यांत एकशे साठ बसली, वरच्या तिघांसाठी अर्धा फॉर्मा जादा घ्यायला हवा. लेखक म्हणाला, “पाच कोरी पानं असू देत, भारदस्त दिसतात.” प्रकाशक म्हणाला, “कोऱ्या कागदालाही पैसे पडतात. अर्पणपत्रिकेला सबंध पान कशाला? ऋणनिर्देश आखडता घे.” ऋणनिर्देशातून मेहुण्याला काढावं की शेजाऱ्यांना, यावर बरीच चर्चा झाली. दोघांकडूनही उसने पैसे घेतलेले असल्यामुळे दोघेही राहिले. शेवटी टाइप अर्ध्या पॉइंटाने लहान केला आणि तीन पानं गुपचूप नाहीशी झाली. माझे बहुतेक वाचक साठीच्या पुढचे आहेत, हे लेखकाने सांगून पाहिलं. प्रकाशकाने ऐकलं नाही.

मग प्रुफं आली. मी घरी मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला होता. त्या खोलीतले फॉन्ट जुन्या घराण्यातले. मजकूर एकातून दुसऱ्यात ओतताना वाटेत ‘ऱ्य’ सांडला. हा अर्धा ऱ हिंदीला लागत नाही, त्यामुळे यंत्रांनाही त्याचं फारसं प्रेम नसावं. त्याच्या जागी बिनदिक्कत रफार येऊन बसला. गावच्या लग्नावरच्या लेखात मी आचाऱ्यांना जिलब्या तळायला बसवलं होतं. प्रुफात आचार्य बसले, तेही कढईसमोर, उघड्या अंगाने. सह्याद्रीच्या दऱ्यांत धुकं उतरलं होतं. छापताना सह्याद्रीत दर्याच शिरला. लाल पेनाने एकेक आचारी परत जागेवर आणला, तर दुरुस्ती करताना ओळ सरकून पुढच्या पानाचा शेवटचा शब्द एकटाच खाली जाऊन पडला. “सर, आता शेवटचं ना?” असं ती मुलगी दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी हो म्हणायचो. एव्हाना तिला माझं पुस्तक माझ्याहून जास्त पाठ झालं होतं. आवडलं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

इतकं होऊनही एक आचार्य पान ९४वर जिलब्या तळत राहिलेच. ते घरच्या कुणाला दिसले नाहीत. प्रकाशनाच्या दुसऱ्याच दिवशी एका निवृत्त मुख्याध्यापकांचा फोन आला, “अभिनंदन. पान ९४, ओळ सहावी.” लेखक दिवसभर जेवला नाही. प्रकाशक मात्र खूश, “निदान ९४पर्यंत वाचलंय की!”

या दोघांचं ज्या एका गोष्टीवर एकमत झालं, तिथेच दोघेही बुडाले. छपाईवाल्याने कॅल्क्युलेटर पुढे सरकवून विचारलं, “साहेब, पाचशे काढायच्या की हजार?” ऑफसेट छपाईत प्लेटा, जुळणी, मशीन लावणं हा सगळा खर्च पहिल्या प्रतीलाच होऊन जातो. पुढच्या प्रतींना कागद, शाई आणि बांधणी एवढंच लागतं. म्हणून दुसऱ्या पाचशे जवळजवळ फुकट पडल्यासारख्या वाटतात. लेखकाला हजार हा आकडा आपल्या योग्यतेचा वाटला आणि प्रकाशकाला प्रत स्वस्त पडल्याचा आनंद झाला. दुसऱ्या पाचशे घ्यायला कुणी आहे का, हे कॅल्क्युलेटर विचारत नाही. ते गठ्ठे आता दिवाणाच्या पोटात आहेत. पाहुणे त्यावर झोपतात. माझ्या लेखनाचा लोकांना इतका थेट आधार मिळेल असं वाटलं नव्हतं.

छपाईच्या आधी आयएसबीएन घ्यावा लागतो. तो दिल्लीहून राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यालाही मिळतो आणि मुख्य म्हणजे फुकट मिळतो. या सगळ्या उद्योगात फुकट मिळालेली ती एकमेव गोष्ट. तेरा आकड्यांचा हा नंबर मोठा गमतीचा आहे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून काढलेला असतो. आधी कुठे चूक झाली तर तो जुळत नाही आणि लगेच उघडं पडतं. बारा आकड्यांवर लक्ष ठेवायला एक पगारी मुद्रितशोधक! माझ्या लाखभर अक्षरांच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

मग कायदा भेटला. ग्रंथप्रदानाचा १९५४ सालचा कायदा सांगतो, की पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्लीतल्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक. न पाठवल्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड आणि वर पुस्तकाची किंमत. प्रकाशकाने चार प्रती आणि टपालखर्च मांडून कपाळाला आठ्या घातल्या. लेखकाचा मात्र ऊर भरून आला. जे पुस्तक साडूनेही ‘वाचतो सवडीने’ म्हणून टीव्हीवर ठेवलं, ते मागून घ्यायला भारत सरकार दंडाचा धाक घालतंय! माझ्या पुस्तकासाठी इतका हट्ट आजवर दुसऱ्या कुणीही धरलेला नाही. चेन्नईत ते कोण वाचणार हा प्रश्न प्रकाशकाने काढला. लेखक म्हणाला, पुण्यात तरी कोण वाचतंय?

पुण्यात पुस्तकाचा बाजार म्हणजे अप्पा बळवंत चौक. जून महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, पण ती गर्दी आपल्यासाठी नसते. वह्या, गाइडं आणि व्यवसायमाला यांच्या ढिगाऱ्यातून वाट काढत मी पिशवी घेऊन एका दुकानात गेलो. मालकांनी पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं, किंमत पाहिली, पानांवरून अंगठा फिरवला. आतला एकही शब्द न वाचता त्यांना सगळं कळलं. “पाच ठेवून जा. चाळीस टक्के. पैसे विकल्यावर.” अडीचशेच्या पुस्तकातले शंभर गेले. उरलेल्या दीडशेत कागद, छपाई, जुळणी, मुखपृष्ठ आणि रिक्षा. लेखकाचं मानधन कुठे बसतं हे पाहायला गेलो, तर प्रकाशकाने वही मिटली. मी त्याला टपरीवरची माझीच भाषणं ऐकवली. तो म्हणाला, “भाडं कोण भरतं या धंद्यात, ते तुला आता कळलं.” आणि पहिल्यांदाच मला त्याच्याविषयी थोडं वाईट वाटलं.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी परत केल्या आणि त्या कोरड्या होत्या, असं आपण ऐकत आलो. माझ्या प्रतीही परत आल्या. त्यांना एक पावसाळा लागला आणि त्या ओल्या होत्या. दुकानाच्या माळ्यावर गळती होती म्हणे.

घरोघरची विक्री त्याहून अवघड. मराठी माणूस मित्राचं पुस्तक विकत घेत नाही, यात कंजूषपणा नसतो, जिव्हाळा असतो. पैसे देऊन घेणं म्हणजे परकेपणा. “आम्हाला द्यायची बरं का एक, सहीची!” असं तो हक्काने म्हणतो आणि जाताना चारशे रुपयांचा पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवतो. अडीचशे रुपये मात्र देत नाही. आमच्या सदऱ्यातला लेखक तेवढ्यात ‘सप्रेम भेट’ लिहून मोकळा होतो. प्रकाशक आतून कोपराने ढोसत असतो, पण सही झालेली असते.

कधी फारच उदास वाटलं तर मी गणपत कृष्णाजींना आठवतो. मुंबईत त्यांनी स्वतःचा छापखाना घातला आणि १८३१ साली छापील मराठी पंचांग काढलं. शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला शिवायचं नाही, असं मानणाऱ्या लोकांना त्यांना छापील पंचांग विकायचं होतं. माझ्या गिऱ्हाइकांची पुस्तकाला शिवायला अजिबात हरकत नसते. त्यांची हरकत पुढे सुरू होते. पण गणपत कृष्णाजींनी काय विकावं हे नेमकं ओळखलं होतं. एकादशी कधी आहे हे प्रत्येकाला हवं असतं. १९७३ साली निघालेलं कालनिर्णय आजही घरोघरी खिळ्याला लटकतं, ते याच पुण्याईवर. धुक्यावर लिहिलेला लेख कुणाला हवा असतो? प्रकाशक तेव्हापासून म्हणतोय, पुढच्या पुस्तकात प्रत्येक लेखाखाली निदान चतुर्थी तरी टाक.

दुसरे आठवतात ते श्री. व्यं. केतकर. ज्ञानकोशाचे तेवीस खंड त्यांनी काढले, तेही गावोगाव हिंडून, वर्गणीदार जमवून. तेवीस खंड! आमच्या एकशे साठ पानांचा भार सोसेना म्हणून मी रिक्षा केली होती. केतकरांचं चरित्र वाचून लेखकाला स्फुरण चढलं, प्रकाशकाला घाम फुटला.

आता तो लेखक पुन्हा काहीतरी लिहून बसला आहे. दुसरा संग्रह तयार आहे, या वेळी ‘ऱ्य’चे शब्द जमतील तिथे टाळलेत. परवा त्याने हस्तलिखित प्रकाशकापुढे ठेवलं. प्रकाशकाने पानांवरून अंगठा फिरवला, किती फॉर्मे होतील याचा अंदाज घेतला आणि अत्यंत मायाळू आवाजात म्हणाला, “छानच आहे. वाचन समितीकडे देतो.” वाचन समिती म्हणजे सौ. त्यांनी पहिलं पान चाळून, “गुडघ्यांवर लिहा काहीतरी, दोन लोकांचं भलं होईल,” असा अभिप्राय दिला आहे. लेखक मधूनमधून चौकशी करतो. प्रकाशक सांगतो, पुढच्या दोन वर्षांचं नियोजन झालेलं आहे. दिवाणातले गठ्ठे पाहता हे अगदी खरं आहे, आणि लेखकालासुद्धा ते मनातून पटलंय, हीच मोठी पंचाईत आहे.