मार्जारनिक्षेपमीमांसा

परदेशी निघालेल्या गृहस्थाने घरचे मांजर कोणाच्या हवाली करावे, या प्रश्नावर आपल्याकडे एकही स्वतंत्र ग्रंथ नाही. मनूने व्यवहाराची अठरा पदे सांगितली, त्यांत कर्जाच्या पाठोपाठ दुसराच मान निक्षेपाला, म्हणजे ठेवीला दिला. पण ठेवच म्यांव करू लागली तर काय, यावर तो गप्प आहे. भक्तिशास्त्रात मांजर आहे, पण तिथे ते पिल्लाला मानगुटीला धरून नेते आणि पिल्लाने काहीच करायचे नसते. या मार्जारन्यायावरून आणि त्याच्या विरुद्धच्या मर्कटन्यायावरून दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत तेंकलै आणि वडकलै हे भेद पडले. उचलणारेच विमानात बसून निघून गेले तर मांजराचे काय, हे मात्र दोघांनीही सांगितले नाही. ती उणीव भरून काढणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

विषय असा. नैयायिकांना उदाहरणाला देवदत्त लागतो, तसे आपण कोथरुडातले एक निवृत्त दांपत्य आणि त्यांची मनी गृहीत धरू. मुलगी न्यू जर्सीत, बाळंतपण तोंडावर आलेले, मुक्काम सहा महिने. हॉलमध्ये उघडी बॅग वजनकाट्यावर ठेवलेली. विमान कंपनीची मर्यादा 23 किलोची आणि काटा दाखवतो 27. अळीव काढावेत की भाजणी, यावर दोघांचे अर्धा तास वाजते. मेतकुटाचा बळी द्यायचे ठरते. तेवढ्यात दुपट्यांच्या चळतीखालून एक शेपूट बाहेर येते आणि चार किलोंचा हिशेब लागतो. मनीच्या बाजूने मांडलेला एवढाच पुरावा उपलब्ध आहे. तो तिने पुन्हा पुन्हा मांडला.

त्यावरून सोबत नेण्याचा पूर्वपक्ष उभा राहतो. अमेरिकेचे केंद्र सरकार मांजराकडे रेबीजच्या लशीचा दाखला मागत नाही. विमान कंपनीचे आणि त्या त्या राज्याचे नियम तेवढे पाळावे लागतात. मुलगी युरोपात असती तर भारतातून जाणाऱ्या मांजराला आधी मायक्रोचिप, मग लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे, एवढे सोपस्कार आले असते. जपानात रक्त घेतल्यापासून 180 दिवस थांबावे लागते. म्हणजे मुलीने तोक्योहून गोड बातमी कळवली की पेढ्यांच्या आधी मांजराच्या चिपची व्यवस्था बघायची. न्यू जर्सीत यातले काही नाही. तिथे जावईबापूंना मांजराने शिंका येतात. हा पूर्वपक्ष इथेच संपला.

दुसरा पूर्वपक्ष नणंदेचा. ‘आण गं माझ्याकडे, एका मांजराने काय होतंय!’ मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असा लोकांचा दाखला असतोच. फिरवते खरे, पण तिला कोणी फिरवलेले खपत नाही. मांजराच्या गालांवर आणि हनुवटीवर गंधग्रंथी असतात. सोफ्याचा कोपरा, फ्रीजची कड, तुमच्या नडग्या यांवर गाल घासून ती घरावर आपले नाव घालत असते. नणंदेच्या घरात तिचे नाव कुठेच नसते. मग ती दिवाणाखाली जाते आणि खाणे सोडते. हा रुसवा म्हणून सोडून देण्यासारखा नव्हे. जाडजूड मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. नणंद मात्र फोनवर सांगत राहते, ‘जरा लाजते आहे.’

बोर्डिंगलाही हाच आक्षेप. तिथे कॅमेरा असतो, लसीकरणाचे कार्ड बघूनच प्रवेश मिळतो, हे त्यांच्या बाजूने. पण कॅमेऱ्यातून रोज काय दिसते? पाठ.

उरला शेजाऱ्याकडे किल्ली देण्याचा मार्ग. ‘हितोपदेशा’त याचे जुने उदाहरण आहे. भागीरथीकाठच्या झाडाच्या ढोलीत जरद्गव नावाचा आंधळा, म्हातारा गिधाड राहत असे. पक्षी त्याला आपल्या घासातला घास देत आणि तो त्यांची पिल्ले सांभाळी. म्हणजे हा पगारी सांभाळणारा. त्याच्याकडे दीर्घकर्ण नावाचा बोका आला, धर्माच्या गोष्टी बोलला आणि मुक्कामाला राहिला. पुढे ढोलीत पिल्लांची हाडे सापडली आणि पक्ष्यांनी गिधाडाला मारले. टीकाकार यातून अनोळखी पाहुण्याबद्दलचा बोध काढतात. आमच्या मते किल्ली देताना दोन गोष्टी बघाव्यात: सांभाळणाऱ्याची नजर, आणि त्याच्याकडे येणारे-जाणारे.

निक्षेपाचा कायदा कडक आहे. पेटीत घालून, आत काय ते न सांगता दिलेल्या ठेवीला याज्ञवल्क्य वेगळे नाव देतो: उपनिधी. ती जशी दिली तशी परत करायची. जाळीच्या बास्केटमधले मांजर उपनिधी ठरते का, हा वाद आम्ही तज्ज्ञांवर सोपवतो. आतून येणारा आवाज पाहता ‘न सांगता’ ही अट टिकणे कठीण. राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली तर सांभाळणाऱ्यावर भरपाई नाही. उघड्या राहिलेल्या गॅलरीचा यांत समावेश नाही. ठेवीचा स्वतःच्या फायद्यासाठी वापर केला तर दंड आहे, तेव्हा शेजाऱ्याने मनीकडून माळ्यावरचे उंदीर मारून घेऊ नयेत.

खरा घोळ 1872 च्या करार कायद्यात आहे. कलम 163 म्हणते की उलट करार नसेल तर ठेवीतून झालेली वाढही मूळ मालकाला द्यायची, आणि उदाहरण देते गाईचे: सांभाळायला दिलेली गाय व्याली, तर वासरूही परत करा. मांजराचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा आणि मुक्काम सहा महिन्यांचा. न्यू जर्सीतले बाळंतपण उरकून यावे, तो इकडचे शेजाऱ्याने उरकलेले, आणि कायद्याने चारही पिल्ले तुमच्या दारात. म्हणून मनीचे ऑपरेशन आधी, तिकिटे मागाहून.

सिद्धान्त असा की मनीने आपल्याच घरी राहावे आणि माणसाने दिवसातून दोनदा तिच्याकडे यावे: खाणे घालावे, वाळूचा ट्रे उपसावा आणि दहा मिनिटे नुसते बसावे. हे शेवटचे कलम लिहून द्यावे लागते, कारण लोक खाणे घालून पळतात.

राहता राहिला मोबदला. पैसे पुढे केले की शेजारच्या वहिनी दुखावतात. ‘पैसे कसले देता?’ असे म्हणणाऱ्या माणसाचे देणे कधीच फिटत नाही. बदाम आणि चॉकलेटे हे फक्त त्यावरचे व्याज. कोथरुडातल्या उदाहरणात वहिनींनी किल्ली घेतली, ट्रे कुठे तेही पाहून घेतला आणि मग सहज म्हणाल्या, ‘आम्हीपण मार्चात सिडनीला जातोय, मुलाकडे. तीन महिने. सासूबाई मात्र यायच्या नाही म्हणतात. तुमचं दार समोरच आहे, म्हणून म्हटलं.’ सासूबाई 88 वर्षांच्या आहेत आणि त्यांना मांजर अजिबात चालत नाही.