आधी बासष्ट वर्षं, मग पदवी

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र पदवी सुरू केली ती २०१८ साली. अमेरिकेत अशी पदवी तोवर कुठेच नव्हती. तिथल्या हर्बर्ट सायमन यांनी ॲलन न्यूवेल आणि क्लिफ शॉ यांच्यासोबत गणितातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम १९५६ मध्येच चालवून दाखवला होता. म्हणजे पहिल्या कामानंतर पदवी यायला बासष्ट वर्षं लागली. आपण हा क्रमच उलटा करून टाकला आहे.

मधल्या काळात तिथे काय चाललं होतं? १९७९ मध्ये रोबोटिक्स इन्स्टिट्यूट उभी राहिली. तिचे पहिले संचालक राज रेड्डी हे चित्तूर जिल्ह्यातल्या काटूर गावचे. माणसाचं बोलणं यंत्राला कळावं म्हणून हा माणूस आयुष्यभर खपला. १९७६ साली त्यांच्या गटाचा ‘हार्पी’ हा प्रोग्राम जेमतेम हजार शब्द ओळखत होता. आज आपण फोनशी मराठीत बोलतो त्यामागे अशा कित्येक हजार-शब्दी पायऱ्या आहेत.

विनाचालक गाड्यांवरचं तिथलं काम तर मला सगळ्यात मोठं वाटतं. १९८९ च्या सुमारास डीन पोमरलो या विद्यार्थ्याने गाडी हाकायला शिकणारं न्यूरल नेटवर्क बनवलं. कॅमेऱ्याचं चित्र त्याच्यापर्यंत पोचायचं ते तीस बाय बत्तीस ठिपक्यांचं, मोबाइलवरच्या आयकॉनहूनही धूसर. रस्ता कसा ओळखायचा याचे नियम कुणी लिहून दिले नव्हते. माणूस स्टिअरिंग कसं वळवतो ते बघून ते काही मिनिटांत शिकायचं. पुढे १९९५ मध्ये पोमरलो आणि टॉड जोकेम नव्या प्रणालीची गाडी घेऊन पिट्सबर्गहून सॅन डिएगोला गेले. साधारण साडेचार हजार किलोमीटरपैकी ९८ टक्के अंतर स्टिअरिंग संगणकाने सांभाळलं. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर माणसाकडेच होते, आणि हे त्यांनी लपवलं नाही. विनाचालक गाडीच्या जाहिराती करणाऱ्यांनी एवढा प्रामाणिकपणा तरी उचलावा.

कंपन्यांनी उचलली ती माणसं. २०१५ मध्ये उबरने तिथल्या एका केंद्रातून चाळीसच्या आसपास संशोधक आणि तंत्रज्ञ नेले. पाचेक वर्षांत उबरने आपला विनाचालक गाड्यांचा विभाग ऑरोरा कंपनीला विकूनही टाकला. ऑरोराचे एक संस्थापक क्रिस अर्मसन. २००७ ची शहरी विनाचालक गाड्यांची स्पर्धा जिंकणाऱ्या कार्नेगी मेलनच्या ‘बॉस’ गाडीचे तांत्रिक प्रमुख तेच होते. ज्ञान पिकलं विद्यापीठात, तेही बरंचसं सरकारी पैशावर, आणि नाव झालं कंपन्यांचं.

आपल्याकडे अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडच्या याद्यांत ‘एआय अँड डेटा सायन्स’ ही शाखा आता जागोजागी दिसते. शाखा जरूर काढा, पण ती शिकवणारे स्वतः काही शोधत आहेत का? मुलाचा फॉर्म भरताना पालकांनी प्लेसमेंटचा आकडा विचारून थांबू नये. प्रयोगशाळा उघडायला लावावी. तिथे या वर्षी कोणता प्रश्न सोडवायला घेतलाय, त्यावर कोण पीएचडी करतंय आणि संध्याकाळी सहानंतर तिला कुलूप लागतं का, हे विचारावं. लागत असेल, तर पसंतिक्रमात ते महाविद्यालय खाली टाकावं.