बसून बघणारे मामा

बालाघाटचे आमचे मामा प्रवासाला निघाले की पिशवीत आधी सतरंजी जाते, कपडे मागाहून. सतरंजी दिसली की मामी ओळखते, हा माणूस आता कुठेतरी जाऊन बसणार. कान्ह्याच्या जंगलात वाघ दाखवायला नेलं, तर मुक्की गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत बसून राहिले. "त्याले यायचं असंन तर येईल," म्हणाले. वाघ आला नाही, पण टपरीवाल्याच्या तिन्ही मुलींची लग्नं कुठे ठरली, हे मामांना कळलं. आम्ही जिप्सीतून धूळ खाऊन परतलो. आम्हालाही वाघ दिसला नव्हताच.

असा एक जण प्रत्येक सहलीत असतो. "तुम्ही या जाऊन, मी आहे इथंच," हे त्याचं वाक्य. लोकांना वाटतं, याचे गुडघे दुखत असतील. मामांचे गुडघे ठणठणीत आहेत. वैनगंगेच्या घाटावर आंघोळीला ते रोज पायी जातात. घाई मात्र त्यांना सोसत नाही.

याचा दोष मी छोट्या लाइनीला देतो. जबलपूर–नैनपूर–बालाघाट ही अडीच फुटी रुळांची गाडी 2015 साली बंद झाली, पण मामांच्या अंगात ती अजून चालू आहे. चालत्या गाडीतून उतरावं, बोरं तोडावी आणि शेवटच्या डब्यात चढावं, असा तिचा वेग होता, असं मामा सांगतात. यात बोरं किती खरी, ते विचारू नये.

मागे एका कचेरीच्या कामासाठी त्यांना भोपाळला जावं लागलं आणि सोबतीला मी गेलो. बालाघाटच्या माणसाला भोपाळ मनातून लांबच. दवाखाना, लग्नाचा बस्ता, पोरांची कॉलेजं, सगळं नागपूरला. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि बालाघाटची राजधानी भोपाळ झाली. "आमच्या बाबाले कोणी विचारलं काय?" हा मामांचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे. काम दुसऱ्या दिवशीचं होतं, म्हणजे अख्खा दिवस मोकळा. मी रात्री जागून कागदावर यादी केली. मामांनी ती पाहिली, घडी केली आणि सकाळी पोहे-जिलबीच्या बशीखाली ठेवली, म्हणजे टेबल हलायचं थांबलं.

बोट क्लबला पोहोचलो. समोर बडा तालाब. मामांनी काठावर सतरंजी अंथरली, चपला काढल्या आणि जाहीर केलं, "समुद्र."

मी म्हटलं, "मामाजी, तलाव आहे हा. अकराव्या शतकात राजा भोजानं कोलांस नदीवर मातीचा बांध घातला, त्याचा तलाव झाला."

"पल्याडचा काठ दिसून राहिला काय?"

धुकं होतं. काठ दिसत नव्हता.

"मग?"

तीसेक चौरस किलोमीटर पाणी, त्यात बोटी, वाऱ्यानं उठणाऱ्या लाटा, पंख वाळवत बसलेले पाणकावळे आणि काठावर भाजलेली कणसं. ज्या राज्याला एका बाजूनंही समुद्र लागत नाही, तिथल्या माणसानं समुद्र म्हणून आणखी काय मागावं? खारटपणाचा मुद्दा मी काढला. मामांनी कणसावरच्या मीठ-लिंबाकडे बोट दाखवलं. 2002 साली हा तलाव रामसर यादीत गेला, आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरला, हेही सांगितलं. "म्हणजे मोठा आहे, हे त्यांनीबी मानलं," मामा म्हणाले.

दुपारी कसंबसं त्यांना उठवून भीमबेटकाच्या गुहांकडे नेलं. भोपाळपासून पंचेचाळीसेक किलोमीटर. वाटेत मी त्या गुहा शोधणाऱ्या वाकणकरांची गोष्ट सांगितली. विष्णु श्रीधर वाकणकर, उज्जैनचे, आपले मराठी. 1957 मध्ये रेल्वेनं भोपाळकडे जाताना त्यांना खिडकीतून इथले खडक दिसले. स्पेन-फ्रान्समध्ये पाहिलेल्या चित्रगुहांच्या खडकांसारखे वाटले, म्हणून ते पुढे माणसं घेऊन इथे आले. मामा खूश झाले. त्यांना त्यातली रेल्वे आवडली. "गाडी सावकाश होती म्हणून दिसले. आताच्या वंदे भारतमधून काय दिसते? सोताचंच तोंड, काचेत."

लोक गुहांमधून झपाझप जात होते. क्रमांकांच्या पंधरा पाट्या, प्रत्येकीपुढे फोटो, की पुढची. एका कुटुंबातला बाप पोरांना "चला, अजून नऊ राहिल्या" म्हणून हाकत होता. मामांनी सभागृहासारख्या उंच गुहेत एका कडेला सतरंजी टाकली. भीम इथे येऊन बसायचा अशी तिकडे समजूत आहे, ती त्यांना फार पटली. "एवढा ताकदवान माणूस, पण इथं येऊन काय केलं? बसला." मी म्हटलं, भीमाच्या कितीतरी आधी, लाखभर वर्षांपूर्वीही माणसं इथे राहात होती, आणि भिंतींवरची सर्वांत जुनी चित्रं दहाएक हजार वर्षांची असावीत असं मानतात. मामांनी मान डोलावली. लाख वर्षं या गुहेचा जो उपयोग झाला, तो त्या दुपारी एकटे तेच करत होते, हे मला मान्य करावं लागलं.

मग ते आडवेच झाले. मी मोबाइलवरून वाचून दाखवू लागलो. याच गुहेच्या छतावर शास्त्रज्ञांना एक ठसा दिसला होता. डिकिन्सोनिया नावाच्या, पंचावन्न कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी राहणाऱ्या जीवाचा तो जीवाश्म आहे, असं त्यांनी 2020 च्या अखेरीस जाहीर केलं. जगभर बातम्या झाल्या.

"समुद्रातला?" मामांनी एक डोळा उघडला. मी बोटानं जागा दाखवली. बराच वेळ पाहिलं आणि डोळा मिटला. "मोहोळ आहे ते. आग्या मोहोळ. वाळून गेलं."

मी बातमी खाली सरकवली. 2023 साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तपासून तेच सांगितलं होतं, मधमाश्यांच्या पोळ्याचा तो डाग होता, आणि पहिल्या संशोधकांनीही ते मानलं. मामांना वाचून दाखवलं, तर त्यांना काहीच वाटलं नाही. "उभ्यानं पाहिलं असंन त्यांनी. उभ्यानं मान दुखते, मग माणूस लवकर ठरवते."

हत्ती, गवे, हरणं यांनी गच्च भरलेला 'झू रॉक' मी एकटाच पाहून आलो. मग शेवटची, पंधरावी गुहा. परत येऊन मामांना सांगितलं, तिथे लाल रंगात एक अक्राळविक्राळ डुक्कर काढलंय, डोक्यावर शिंगं, आणि ते एका इवल्याशा माणसाच्या मागे लागलंय. जवळच एक खेकडा.

"माणूस काय करून राहिला?"

"पळतोय."

"आणि खेकडा?"

मी आठवून पाहिलं. खेकडा काही पळताना दिसला नव्हता.

"मग त्यालेच विचारायचं ना," म्हणत मामांनी कूस बदलली.