फक्त मुकादमाच्या माहितीसाठी

पुण्याच्या आयटी कंपनीतला माणूस नोकरी बदलतो तेव्हा नवी कंपनी जुन्या साहेबाला फोन करते. साहेब घसा खाकरून सांगतो, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत होता. बाकी गोपनीय. बीड जिल्ह्यात असला चोरटा कारभार नाही. दसरा जवळ आला की धारूरचा ऊसतोड मुकादम केजच्या मुकादमाला फोन लावतो, तोही हॉटेलात बसून, स्पीकरवर.

"तो कोयता कसा हाय?"

"तोडायला वाघ. पण मागच्या साली पंढरपूरकडून रातीतून पळाला. उचलीतले चाळीस हजार बाकी हायेत."

"आन् बाई?"

"बाईची पिशवी काढलेली हाय. खाड्याची कटकट नाई."

चहा येईपर्यंत शिफारसपत्र तयार.

दिल्लीने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही काढले. लोकांची माहिती नीट सांभाळली नाही तर अडीचशे कोटींपर्यंत दंड! मुकादम मंडळींची झोप उडायला हवी होती. पण हा कायदा कागदावरच्या माहितीला हात लावतो तो ती संगणकात चढल्यावर. मुकादमाची वही खिशात असते आणि वहीत न मावलेलं डोक्यात. कायद्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा, खोडून घेण्याचाही हक्क आहे. वहीतली बाकीही खोडून मिळते, पुढच्या हंगामात ऊस तोडल्यावर. आकडा कुणी लिहिला हे विचारायचं नसतं.

पिशवीचं प्रकरण राज्याला कळलं २०१९ मध्ये. पाळीच्या दिवसांत खाडा पडला की दंड कापतात, म्हणून बायका गर्भाशयच काढून टाकतात, अशी ओरड झाली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. म्हणजे सहातल्या एकीचं. सरकारने उगाच एवढी यंत्रणा राबवली. मुकादमांना विचारलं असतं तर त्यांनी नावानिशी, गावानिशी यादी दिली असती.

नावानिशी म्हणजे नवऱ्याच्या नावानिशी, हे सांगायचं राहिलं.

कारण गोपनीयता खऱ्या अर्थाने पाळावी ती साखर कारखान्यांनीच. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा नवऱ्याशी. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, बाँडवर अंगठा नवऱ्याचा. पहाटे अंधारात फडात उतरणारी, डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढणारी बाई कुठल्याच रजिस्टरात सापडत नाही. हॅकरने कारखान्याचा अख्खा संगणक उपसला तरी तिच्या नावाचं एक अक्षर फुटायचं नाही. एवढं कडेकोट संरक्षण युरोपातल्या कायद्यालाही जमलेलं नसावं.

त्या फळीवरून ती पडली, कंबर मोडली आणि नुकसानभरपाई मागायला कुणी गेलंच, तर कारखाना म्हणतो, अशी कुणी बाई आमच्याकडे कामाला नव्हती. एवढं मात्र तो लेखी देतो, शिक्क्यासकट.