निदान यंदा तरी

दाजींच्या हिशेबी वर्षाचे ऋतू तीन: लिलाव, मोसम आणि हळहळ. त्यांतला तिसरा सर्वांत लांबतो. २०२४ साली तो आलाच नव्हता. १ मार्चला हैदराबादेत पुणेरी पलटणीनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचा कप पहिल्यांदा पुण्याला आणला आणि दाजी दोन महिने भेटेल त्याला पेढा देत होते. पुढच्याच मोसमात हे गतविजेते पहिल्या सहातही आले नाहीत. तेव्हा हळहळीनं थकबाकीसकट वसुली केली.

आता २०२५चा ऑगस्ट संपत आला होता. २९ तारखेला, शुक्रवारी, विशाखापट्टणमला बारावा मोसम उघडणार होता आणि त्याच रात्री नऊला पलटणीची गाठ बेंगळुरू बुल्सशी होती. गणपती बसून दोन दिवस झालेले. दाजींचं गाव पौडच्या पुढे. ‘सकाळी ताम्हिणी, दुपारी घरी जेवण, रात्री मंडळात मॅच’ असा बेत त्यांनीच आखला. चाकावर दाजी, शेजारी मी, मागच्या सीटवर घडी घालून ठेवलेला भाचा. भाचा सहा फूट दोन इंच आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. कबड्डीच्या घराण्यात हे कसं झालं, याचा खुलासा ताईकडे अजून मागितला जातो.

चांदणी चौकातले नवे पूल २०२३ साली सुरू झाले, तेव्हापासून दाजी तिथं देवाचं नाव घेऊन वळतात. या खेपेला मुंबईच्या रस्त्याला न लागता थेट भूगावला निघालो, हा त्यांनी मोसमाचा पहिला शुभशकुन धरला.

भूगावात कोंडी. ती नसती तरच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असतं. दाजींनी काच खाली केली, पाऊस आत घेतला आणि सांगायला सुरुवात केली. २०१७च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी याच भूगावात भरली होती. गादीवरून पुण्याचा अभिजित कटके, मातीतून साताऱ्याचा किरण भगत, आणि कटकेनं गदा मारली. कोंडी सुटेपर्यंत ती अंतिम कुस्ती गाडीत दोनदा झाली, दुसऱ्यांदा माझा दंड धरून.

“पाव्हणं, मुळशी म्हणजे काय, सिनेमा बघून कळायची नाही. तालमीत या एकदा.”

पिरंगुटला वडापाव घेतला आणि भाच्याला कंठ फुटला.

“मामा, आमचा सेंटरच अजून ठरला नाही.”

“का रे?”

“कॅप राउंड चालू आहेत ना. सहा फूट पाच इंचवाला एकजण आमच्याकडे इलेक्ट्रिकलला लागलाय म्हणे. पण त्याला कम्प्युटर पाहिजे. शेवटच्या राउंडला बेटरमेंट मिळाली, की आमचं वर्ष गेलं.”

कॉलेजच्या खेळांबद्दल इतकं खरं वाक्य मी कुठल्या क्रीडापानावर वाचलेलं नाही. तिकडे अमेरिकेत कॉलेजवाले उंच पोरं शाळेपासून हेरून ठेवतात, शिष्यवृत्त्या देतात. इकडे संघ उभा करते सीईटी. पॉइंट गार्ड मेकॅनिकलच्या कटऑफवर अवलंबून, आणि सरावाची सुरुवात सबमिशनवर. तरी भाच्यानं विभागीय स्पर्धेचा ड्रॉ मनात लावून टाकला होता. उपांत्य फेरीपर्यंत त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं, फक्त सेंटरचा चेहरा दिसत नव्हता.

त्याचा व्यावसायिक संघ म्हणजे डॅलस मॅव्हरिक्स. एनबीए ऑक्टोबरात सुरू होते आणि तिकडच्या रात्रीचे सामने इथं पहाटे दिसतात. वर्षभर हा मुलगा फक्त त्यासाठीच सूर्योदय बघतो.

“फेब्रुवारीत डॅलसनं डॉन्चिचच लेकर्सला देऊन टाकला. रडलो होतो मी. मग मे महिन्यात ड्राफ्टच्या चिठ्ठ्या निघाल्या. पहिला नंबर लागायची शक्यता किती? १.८ टक्के. आणि लागला! ड्यूक कॉलेजचा कूपर फ्लॅग मिळाला आम्हाला.”

दाजींनी घाटातल्या वळणावर मान मागे वळवली. असं त्यांनी करू नये, पण मुद्दा तसाच होता.

“म्हणजे चांगला गडी घालवला, की देव भरपाई देतो? मग आमच्या शादलूची भरपाई कुठाय?”

इराणचा मोहम्मदरेझा शादलुई ही दाजींची भळभळती जखम. २ कोटी ३५ लाखांना पलटणीनं घेतला, त्यानं कप मिळवून दिला, आणि पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. त्या मोसमाच्या आपल्या पहिल्याच सामन्यात पलटणीनं त्याच हरियाणाला लोळवलं, तेव्हा दाजींनी मला फोनवर ‘बघा’ एवढंच सांगितलं होतं. शेवटी कप हरियाणानंच नेला, तोही बालेवाडीतून. आपल्या मांडवात दुसऱ्याचं लग्न लागलं आणि जेवणावळीलाही आपणच उभे.

तोवर उजव्या हाताला मुळशीचं पाणी दिसू लागलं. ढगानं पलीकडचा काठ पुसून टाकला होता. दाजींनी गाडी बाजूला घेतली. या पाण्याखाली त्यांच्या पणजीचं माहेर आहे. १९२१ साली सेनापती बापटांनी इथं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला, धरण झालंच. पाणी डोंगराच्या पोटातून खाली भिऱ्याला उतरतं, तिथं वीज होते आणि ती मुंबईकडे जाते. दाजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बघा पाव्हणं, आपल्याकडचं तयार झालेलं बाहेर पाठवायची रीत जुनीच हाय.” हे धरणाबद्दल होतं की शादलुईबद्दल, ते मी विचारलं नाही.

ताम्हिणीबद्दल फार लिहीत नाही. धबधबे होते, पण त्यांच्यापुढं माणसं होती, आणि माणसांच्या पुढं त्यांचे मोबाइल. रेंज नसल्यानं भाचा आकाशाकडे हात करून उभा. लोक त्याला फोटोत घेत होते. कणसं भाजणाऱ्या मावशींना दाजींनी सवयीनं विचारलं, “गावात टीम हाय का?”

“हाय की. माझाच पोरगा कोपऱ्याला खेळतो.” त्यांनी कणसाला लिंबू-मीठ चोळलं. “मातीवर कुणाला ऐकत न्हाई. आता म्हणतो, मॅटचे बूट पायजेत. मी म्हटलं, आधी कणसं इकू लाग.”

दाजींनी मुलाची उंची विचारली, वजन विचारलं, घोट्याची पकड करतो की मांडीची, ते विचारलं. कणसाचे पैसे द्यायचे राहिले, ते मी दिले.

रात्री मंडळात ताडपत्रीवर पाऊस आणि चादरीवर मॅच. आरती नऊची, पण अध्यक्षांनी ती ‘हाफटाइमपर्यंत’ पुढे ढकलली आणि हाफटाइमला जनमत पाहून शेवटपर्यंत. असलम इनामदार कर्णधार, अजय ठाकूर प्रशिक्षक, आणि सामना असा की पुढे गेलो म्हणेपर्यंत मागे. अखेर ३२-३२. पोरं उठली, गुरुजींनी निरांजन पेटवलं.

“बसा, बसा! टायब्रेकर हाय!” कुणीतरी ओरडलं.

साखळीतल्या बरोबरीसाठी नियम यंदाच आला होता: दोन्ही संघांना पाच-पाच चढाया, आणि निदान रेषा ओलांडली की तीच बोनस. मंडळात हे एकालाही माहीत नव्हतं. त्यामुळे पुढच्या काही मिनिटांत तिथं सात वेगवेगळे सामने चालू होते. आजोबांच्या सामन्यात बुल्स जिंकत होते. भाचा, ज्याला कबड्डीतलं ‘क’ आवडत नाही, तो बाकावर उभा राहून “बोनस! बोनस!” करत होता आणि त्याच्या मागच्या चार रांगांना काहीही दिसत नव्हतं. ६-४. पलटण जिंकली.

निरांजन एव्हाना विझलं होतं. गुरुजींनी काडी ओढली.

“घ्या, सुखकर्ता घ्या.”

“एक मिंट, गुरुजी,” दाजी म्हणाले. “शादलू यंदा गुजरातकडे हाय. त्यांच्याशी आपली कधी, तेवढं बघू द्या. ए, रेंज आली का रे तुझी?”